वैशाखातलं नवं पाणी

आषाढात कोल्हापुरात नव्या पाण्याची यात्रा असते. पंचगंगेला तांबडं पाणी आलं की गल्लोगल्लीच्या बायका-पोरी कळश्या भरतात आणि ‘पी ढबाक’ वाजंत्रीच्या तालावर वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन ते पाणी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाई देवीच्याच, पायरीवर ओततात. मंगळवार नाहीतर शुक्रवार, आंबीलघुगऱ्यांचा नैवेद्य, आणि घरी येऊन वशाट, म्हणजे मटणाचं, जेवण. यात भक्ती किती आणि मजा किती हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्यातलं वेळापत्रक महत्त्वाचं वाटतं. मृगात पेरा, आर्द्रात नदी तांबडी, आषाढात देवीला पाणी. पिढ्यान् पिढ्या माणसांनी पावसाशी केलेला हा एक करार होता.

२०२५ साली पावसानं तो एकतर्फी मोडला. नवं पाणी वैशाखातच आलं. रोहिणी लागायच्या आधी, कृत्तिकेत. वळीव म्हणून जो दोन दिवस गडगडून जायचा, तो आला आणि गेलाच नाही.

त्या मे महिन्याचे आकडे बऱ्याच जणांना पाठ असतील, तरी मांडतो, कारण पुढचा वाद त्यांच्यावरच उभा आहे. मोसमी पाऊस केरळात १ जूनला पोहोचतो असं धरतात. त्या वर्षी तो २४ मे रोजी पोहोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. तिथं तो २६ मे रोजी दाखल झाला. १९५० पासूनच्या नोंदींत एवढ्या लवकर तो मुंबईत कधीच आलेला नव्हता. कुलाब्याला मे महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस २६ तारखेपर्यंतच मोजला गेला. देशाचा विचार केला तर १९०१ पासूनचा तो सर्वांत ओला मे महिना.

आता हे आकडे बांधावर कसे उतरले ते सांगतो. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या पश्चिमेच्या पट्ट्यात भाताची धूळवाफ पेरणी करतात. उन्हानं भाजलेली माती कुळवून कुळवून पिठासारखी करायची, त्यात कुरीनं कोरडंच भात पेरायचं आणि वर बघत बसायचं. मृगाची सर आली की ते भात तणाच्या आधी उठतं. सगळी करामत त्या धुळीत असते. आणि धूळच झाली नाही तर? त्या मे महिन्यात वाफसाच येईना. शिवारात पाय टाकला की घोट्याएवढा चिखल. उन्हाळी भुईमूग उपटायचा राहिला. शेणी रचायच्या होत्या, घराची शाकारणी करायची होती, जनावरांची वैरण झाकायची होती. ही सगळी उन्हाळ्याच्या शेवटच्या पंधरा दिवसांवर टाकलेली कामं, आणि ते पंधरा दिवसच कुणीतरी उचलून नेले. राधानगरीकडचे आमचे एक पाहुणे फोनवर म्हणाले, ‘दाजी, औंदा आमचा उन्हाळा कुणी न्हेला, जरा बघा की चौकशी करून.’

चौकशी करायची म्हटली तर ती जुन्या वह्यांत करावी लागते. ते मात्र कुणी करत नाही. बातम्यांत ‘ऐतिहासिक’ हा शब्द दिवसातून चाळीस वेळा वाजतो आणि त्या आवाजात इतिहास बघायचा तेवढा राहून जातो.

कुलाब्याचा जो विक्रम त्या वर्षी मोडला तो कोणत्या सालचा होता? १९१८ चा. त्या वर्षी मे महिन्यात तिथं २७९.४ मिलिमीटर पाऊस झाला होता. केरळात मोसमी पाऊस सर्वांत लवकर आल्याची जी नोंद आहे तीही त्याच सालची: ११ मे १९१८. ती तारीख आजपर्यंत मोडलेली नाही. २०२५ चा पाऊस तिच्यापेक्षा तेरा दिवस मागंच होता.

म्हणजे १९१८ च्या मे महिन्यात आमच्या पणजोबांनीही असंच आभाळाकडं बघून तोंडात बोट घातलं असणार. यंदा लवकर आलाय, यंदा बक्कळ पिकणार, असं पारावर कुणीतरी म्हटलंही असेल. पुढं काय झालं? जुलैनं दगा दिला. हंगाम संपला तेव्हा देशाच्या पावसात जवळपास पाव हिस्सा तूट होती. १८७७ आणि १८९९ यांच्या पंक्तीत बसणारं ते दुष्काळी साल ठरलं. प्रशांत महासागरात त्या वर्षी एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं. हे शब्द तेव्हा इथं कुणाला माहीत नव्हते, पण महागाई आणि रिकामी कणगी माहीत होती. त्यातच जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेला इन्फ्लुएन्झा सप्टेंबर-ऑक्टोबरात खेडोपाडी पोहोचला आणि अर्धपोटी माणसांवर तुटून पडला. देशभरात मेलेल्यांचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९२१ ची जनगणना झाली तेव्हा देशाची माणसं दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. पुन्हा कधी तसं झालेलं नाही.

त्या वर्षी कोल्हापूरच्या गादीवर शाहू महाराज होते. त्यांना दुष्काळ नवा नव्हता. गादीवर आल्यावर दोन-तीन वर्षांतच १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेग त्यांच्या वाट्याला आला होता. स्वस्त धान्याची दुकानं, तगाई, दुष्काळी कामं हे सगळं करून झाल्यावर त्यांना एक गोष्ट उमगली: दुष्काळ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पाणी अडवलेलं बरं. १९०२ मध्ये संस्थानानं पाटबंधाऱ्यांचं धोरण ठरवलं आणि पुढं भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचं काम सुरू झालं. आज आपण सहज ‘दूरदृष्टी’ म्हणून टाळ्या वाजवतो. पण १९१८ साली ते धरण अपुरं होतं. पैसा कमी पडला, काम अडलं, आणि ते पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. त्या मे महिन्यात वेळेआधी आलेलं बरंचसं पाणी भोगावतीतून पंचगंगेत आणि पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत निघून गेलं असणार. दोन महिन्यांनी त्याच पाण्यासाठी माणसं तडफडली.

हे एकच साल असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण २००९ बघा. मोसमी पाऊस केरळात २३ मे रोजी आला, म्हणजे २०२५ पेक्षाही एक दिवस आधी. आणि हंगाम संपला तो १९७२ नंतरच्या सर्वांत मोठ्या तुटीनं, बावीस टक्क्यांच्या आसपास. खुद्द १९७२ ला पाऊस केरळात १८ जूनला आला, नोंदींतली ती सर्वांत उशिराची तारीख, आणि महाराष्ट्रात जो दुष्काळ पडला त्याची आठवण मिलो आणि सुकडी खाल्लेल्या पिढीला अजून आहे. उशिरा आला आणि पडला नाही, हे एकवेळ समजतं. २०१९ मध्ये मात्र तो उशिरा आला आणि आम्हाला बुडवून गेला. २०२५ मध्ये लवकर आला आणि देशाचा हंगाम सरासरीच्या १०८ टक्के झाला. सारीपाटाची चारही घरं भरली. पाऊस कधी येतो आणि किती येतो या दोन गोष्टी एकमेकींच्या सोयऱ्या नाहीत, एवढं तरी यातून दिसतं. तरीही दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आपण सगळे आगमनाच्या तारखेवर पैज लावल्यासारखे बसलेले असतो.

२०१९ बद्दल थोडं थांबून बोलायला हवं. त्या उन्हाळ्यात शेजारच्या जत-आटपाडीकडं चारा छावण्या होत्या. जूनमध्ये देशाच्या पावसात ३३ टक्के तूट. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापुरात कुणी म्हटलं असतं की ‘धरणातलं पाणी आत्ताच थोडं सोडा, पुढं पूर येईल’, तर त्याला लोकांनी बिंदू चौकात उभं करून विचारलं असतं, बाबा, डोकं ठिकाणावर आहे का? आणि सहा-सातच आठवड्यांनी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. धोक्याच्या वर आणखी बारा फूट म्हणजे एक अख्खा मजला. पुणे-बेंगळुरू महामार्ग आठवडाभर पाण्याखाली. कोल्हापूर-सांगलीत मिळून चार लाखांच्या आसपास माणसं घराबाहेर. ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटली. शहराला पाणी देणारी बालिंगा आणि शिंगणापूरची उपसा केंद्रंच बुडाली, त्यामुळं चारी बाजूंनी समुद्र आणि घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभी माणसं, असं दृश्य या शहरानं पाहिलं.

त्या वर्षीचा देशाचा हिशेब मात्र सुंदर होता. हंगाम सरासरीच्या ११० टक्के, १९९४ नंतरचा सर्वांत चांगला. जूनची ३३ टक्के तूट आणि सप्टेंबरचा १५२ टक्के पाऊस यांची बेरीज करून भागाकार केला की जो आकडा येतो त्यात ना छावणी दिसते ना नाव.

सरासरीचा हा खेळ कोल्हापूर जिल्ह्याइतका कुठं उघडा पडत नसेल. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. आणि महापुरात सर्वांत जास्त दिवस पाण्यात कोण बसतं? शिरोळ. तिथली माणसं म्हणतात, आमच्याकडं पाऊस नसतो, पूर असतो. दुसऱ्याच्या डोंगरावर पडलेलं पाणी त्यांच्या उंबऱ्याशी येतं तेव्हा त्यांच्या डोक्यावर कडक ऊन असू शकतं. आता अतिवृष्टीचा सरकारी निकष काय, तर महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस. शिरोळच्या पर्जन्यमापकात तेवढं पाणी साचेल याची खात्री नाही, पण घरात सहा फूट साचतं. पूर वेगळा धरला जातो, पंचनामे होतात, हे मला माहीत आहे. पण प्रत्येक वेळी तिथल्या माणसाला आधी हे पटवून द्यावं लागतं की बाबा रे, आमचं नुकसान पावसानंच झालंय, फक्त तो पाऊस आमचा नव्हता.

आणि त्याच जिल्ह्यातला हातकणंगले तालुका. २०१९ ला आणि २०२१ ला तिथली नदीकाठची गावं पाण्यात होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात हातकणंगले होता, गडहिंग्लजही होता. दोन वर्षांपूर्वी बोटी फिरलेल्या तालुक्यात आता टंचाईचे आदेश. २०२३ च्या जुलैत पंचगंगा इशारा पातळी ओलांडून गेली, आणि लगेच ऑगस्ट आला तो १९०१ पासूनचा देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. एकाच खरिपात दोन्ही. त्याही वर्षी एल निनो होता.

इथंवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, हवामान बदललंय, आपण काय करणार? माझा आक्षेप नेमका या ‘काय करणार’ला आहे. पाऊस आपल्या हातात नाही, पण पावसाभोवतीचं सरकारी पंचांग आपणच छापलेलं आहे. १ जूनला नियंत्रण कक्ष. ३१ मेपर्यंत नालेसफाई. मेच्या मध्याला आढावा बैठक, तिच्यात बोटी किती, जॅकेट किती याची मोजदाद. सगळं तारखेवर. आणि ज्याच्यासाठी हे करायचं तो गडी तारीख मानत नाही.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या नावानंच ओळखलं जातं: कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा. नदीत दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे घालता-काढता येणाऱ्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे, नदी मोकळी करायची. इतकी साधी, इतकी शहाणी रचना की महाराष्ट्रभर गेली. पण तिचा सगळा शहाणपणा ‘पावसाळ्याच्या तोंडावर’ या दोन शब्दांत आहे. ते तोंड कुठं आहे हे कोण ठरवणार?

बरगे वेळेत निघाले नाहीत तर काय होतं ते नदीकाठच्या माणसाला विचारा. पाण्याचा दाब आला की बरगा खाचेत आवळून बसतो, मग तो माणसांना हलत नाही. वरून केंदाळ येतं, ओंडके येतात, ते खांबांत अडकून भिंत तयार होते. पाणी वाट शोधतं आणि बंधाऱ्याच्या कडेचा भराव फोडून शेजारच्या शेतातून नदी वाहायला लागते. एका रात्रीत अर्धा एकर माती जाते, आणि माती परत येत नाही.

मग काढा की लवकर, मेच्या पहिल्या आठवड्यात! इथं खरी गोम आहे. एप्रिल-मेमध्ये त्याच अडवलेल्या पाण्यावर नदीकाठच्या मोटारी चालतात. ऊस तेव्हा ऐन तहानेत असतो. काठावरची उपसा मंडळं, गावांच्या पाणीपुरवठा योजना, जनावरं, सगळं त्या डोहावर. १० मेला बरगे काढले आणि पाऊस १५ जूनला आला, तर महिनाभर नदीत खडक दिसतील आणि उसाचे शेंडे वाळतील. १९१८ मध्ये मेच्या पावसाला भुलून जो निर्धास्त झाला तो फसला, आणि २०२५ मध्ये कॅलेंडरवर विसंबून जो निवांत राहिला तोही फसला. दोघांचं चुकलं ते एकच: पहिल्या चिन्हावरून सगळ्या हंगामाचा निकाल लावला.

पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवलेले एक परिचित गृहस्थ माझं हे बोलणं ऐकून हसले. म्हणाले, ‘तारीख नसली तर मजूर येत नाहीत, ठेकेदार येत नाही, बिल निघत नाही. तारीख चुकीची असेल, पण ती असल्यामुळं काहीतरी होतं तरी.’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते मान्य करतो. यंत्रणेला दिवस ठरवून द्यावाच लागतो. माझं म्हणणं एवढंच की तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवरून न ठरता वरच्या खोऱ्यातल्या पर्जन्यमापकावरून आणि हवामान खात्याच्या पुढच्या आठवड्याच्या अंदाजावरून ठरावा. मजुरांची टोळी एप्रिलअखेर करारानं बांधून ठेवावी, तिला थांबल्याचेही पैसे द्यावेत, आणि गगनबावडा-राधानगरीकडं ठरलेल्या मापाचा पाऊस नोंदला गेला की अठ्ठेचाळीस तासांत बरगे बाहेर. अंदाज चुकला, पाऊस मागं सरला आणि डोह रिकामा झाला, तर त्या काठच्या शेतकऱ्याला त्याची भरपाई. खर्च येईल. पण आजही खर्च येतोच की. तो ज्याचा भराव फुटतो त्याच्या सातबाऱ्यावर पडतो, म्हणून सरकारी हिशेबात दिसत नाही.

धरणांचंही असंच. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात, पाणी उतरलं की मिटतात. ते उघडले की गावोगावी मोबाइल वाजायला लागतात: ‘तीन नंबर उघडला’, ‘सहा नंबर उघडला’. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. माणसानं ठरवायचं फारसं काही त्यात उरत नाही. जे ठरवायचं ते आधीच, धरण भरत असताना. दूधगंगेचं काळम्मावाडी, वारणेचं चांदोली, पलीकडं कोयना, यांचे दरवाजे माणसांच्या हातात आहेत. कोणत्या आठवड्यात किती साठा ठेवायचा याचं वेळापत्रक तिथं असतं. पुराआधी ते पाळलं की मोडलं, आणि मोडलं तर का, हे पूर ओसरल्यावर समित्यांमधून कळतं. मला ते जुलैत कळायला हवं. रोज सकाळी धरणाच्या पाणीसाठ्याचा आकडा येतोच. त्याच्या शेजारी ‘आज किती असायला हवा होता’ हा दुसरा आकडा छापायला कितीशी शाई लागते? अधिकाऱ्यावर दोन्हीकडून दबाव असतो, हे मी समजू शकतो. पाणी सोडलं आणि पाऊस गेला तर दुष्काळाचा गुन्हेगार, नाही सोडलं आणि पाऊस आला तर पुराचा. त्यालाही या दुसऱ्या आकड्याचा आधारच होईल. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर घेतलेला निर्णय चुकला तरी लोक समजून घेतात. रात्री दोन वाजता सोडलेलं पाणी समजून घेत नाहीत.

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचं नाव अजून काढलं नाही म्हणून काही वाचक अस्वस्थ झाले असतील. काढतो. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याला या भागाचा विरोध आहे आणि तो मला रास्त वाटतो. खालच्या धरणाचा फुगवटा किती, कधी, कुठंवर, हे दोन्ही राज्यांनी रोज एकमेकांशी बोलून ठरवायचं काम आहे. पण अलमट्टीनं आमची एक मोठी सोयही केलीय. पूर आला की बोट तिकडं दाखवायचं. मग शहराच्या कडेला नदीच्या पात्रात आपणच टाकलेले भराव दिसत नाहीत. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. २०१९ आणि २०२१, दोन वर्षांच्या अंतरानं दोन वेळा नदी ५५ फुटांच्या वर गेली. शंभर वर्षं इतकी लवकर संपतात, हे त्या रेषा आखणाऱ्यांना सांगायला हवं. १९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीकरांना सोनतळीला जागा दिल्या. तरी पुन्हा पूर आला की बोटी चिखलीलाच जातात, कारण शेत, गोठा, दूध सगळं नदीकाठी. त्या माणसांना मी दोष देणार नाही. पण ज्या जमिनीत चार फूट पाणी होतं तिथं मुरूम ओतून मजले उभारणाऱ्याला परवानगी देणाऱ्या सहीला द्यायला हवा. त्या सहीचा कर्नाटकाशी काही संबंध नाही.

आणखी एक. शेतीचा सल्ला देणारे, विमा देणारे, बियाणं विकणारे, सगळे एका हंगामाला एकच चेहरा देतात: यंदा ‘चांगला’, यंदा ‘कमी’. उसाला मात्र दोन्ही सोसावं लागतं. मेमध्ये पाण्यावाचून कांड्या आखूड पडतात, ऑगस्टमध्ये सुरळीत गाळ बसून शेंडा कुजतो आणि बगलेला पांगशा फुटतात. एकाच लागणीला एकाच वर्षात दोन्ही मार.

गेल्या महिन्यात पुन्हा राधानगरीकडं गेलो होतो. पाहुण्यांनी सोप्यात बियाण्याची दोन पोती वेगवेगळी ठेवली होती. एकाला काळा दोरा, एकाला पांढरा. मी विचारलं, हे काय? म्हणाले, ‘काळं धूळवाफेचं. मे कोरडा गेला तर कुरीनं पेरायचं. पांढरं तरव्याचं. मे वला झाला तर चिखलात रोप लावायचं. आदी सगळं एकाच पोत्यात असायचं.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘म्हातारीनं तिसरंबी काढून ठेवलंय वर माळ्यावर. त्येचं काय, ते आमच्या आज्ज्याच्या काळापासनं हाय. दोन्ही बुडालं तर.’ त्या पोत्याला दोरा बांधलेला नव्हता. त्या म्हाताऱ्या काकींनी ते तुळईला उंदरांपासून लांब टांगलं होतं आणि त्यातलं एक पायलीसुद्धा कुणाला उसनं द्यायला त्यांची मनाई होती.